पहिल्या २४ तासांचा हक्क

यकृताचा कर्करोग झाला की दारूकडे बोट दाखवून आपण मोकळे होतो. पण कावीळ-ब, म्हणजेच हिपॅटायटिस-बीचा विषाणू हेही त्याचे मोठे कारण आहे. हा विषाणू यकृताच्या पेशी स्वतः फारशा मारत नाही. त्याने ग्रासलेल्या पेशींवर आपलीच प्रतिकारशक्ती तुटून पडते. प्रौढ माणूस बहुधा ही लढाई जिंकतो. नवजात बाळ जिंकत नाही. जन्मताना आईकडून लागण झालेल्या दहापैकी नऊ बाळांत विषाणू कायमचा ठाण मांडतो. मग वर्षानुवर्षे यकृत जखमी होते, भरून येते, पुन्हा जखमी होते. त्यातूनच पुढे कर्करोग उद्भवू शकतो.

यावर लस आहे. तैवानने १९८४ मध्ये बाळांना ती देणे सुरू केले आणि मुलांमधील हा कर्करोग घटला. आपल्याकडे २००२ मध्ये प्रायोगिक सुरुवात झाली. २०११ पर्यंत ती देशभर पोचली. पहिला डोस जन्मानंतर २४ तासांत, सरकारी दवाखान्यात मोफत.

धामणगाव बढेतून मोताळ्याला वा बुलडाण्याला बाळंतपणासाठी गेलेल्या लेकीच्या उशाशी बसलेल्या आयाबायांनो, ‘कावीळ-बची लस दिली का?’ हे पहिल्याच दिवशी विचारा. दवाखान्यातल्या वापरलेल्या सुया उचलणारे सफाई कामगार बहुतांशी आपलेच बांधव आहेत. त्यांनाही ही लस मिळालीच पाहिजे. ही मेहेरबानी नव्हे, हक्क आहे!