जामालपूरचा रस्ता

कलकत्त्यास हुगळीच्या काठी, मैदानाच्या कडेला, प्लासीच्या लढाईनंतर इंग्रजांनी बांधलेला फोर्ट विल्यम हा किल्ला उभा आहे. २०२४ च्या अखेरीस त्याचे नाव बदलून, कोकण किनाऱ्यावरील मराठी आरमाराच्या दुर्गावरून, 'विजय दुर्ग' असे ठेवण्यात आले. १९७१ साली बांगलादेशाच्या मुक्तियुद्धाची सूत्रे लेफ्टनंट जनरल जगजितसिंग अरोरा यांनी याच किल्ल्यातून हलविली. परंतु नकाशावर आखलेली रेषा प्रत्यक्षात उतरते ती पायदळाच्या पावलांनी. आणि ती पावले स्थिर ठेवण्याचे काम अधिकाऱ्याचे असते.

उत्तरेकडून ढाक्याकडे जाणाऱ्या वाटेवर, जुन्या ब्रह्मपुत्रेच्या दक्षिण तीरी, जामालपूर हे शहर आहे. तेथे पाकिस्तानची ३१ बलुच ही पलटण पक्के मोर्चे बांधून बसली होती. ब्रिगेडियर हरदेवसिंग क्लेर यांनी समोरून धडक न देता, नदी ओलांडून सैन्य शहराच्या पाठीशी नेले व ढाक्याचा रस्ता रोखला. या कामी १३ गार्ड्सबरोबर पहिली मराठा लाइट इन्फन्ट्री होती. १७६८ साली मुंबईस उभारलेली ही 'जंगी पलटण' तेव्हा लेफ्टनंट कर्नल कुलदीपसिंग ब्रार यांच्या हाताखाली होती.

९ डिसेंबर रोजी क्लेर यांनी शरणागतीचे पत्र धाडले. कर्नल सुलतान महमूद यांच्या उत्तराच्या पाकिटात बंदुकीची एक गोळी होती. लेखणीऐवजी शस्त्र हाती घेऊन भेटावे, असा त्या उत्तराचा मथितार्थ होता. शत्रूही कच्च्या दिलाचा नव्हता.

१० डिसेंबरच्या रात्री बलुच सैनिकांनी वेढा फोडून ढाक्याकडे निसटण्याचा निकराचा प्रयत्न केला आणि ते मराठ्यांच्या मोर्चांवर येऊन आदळले. असा रस्ता अडविणे चढाईपेक्षा सोपे वाटते. वस्तुतः ते अधिक कठीण. चढाईत माणसाला वेगाचा आधार असतो. मोर्चात बसलेल्या जवानाला अंधारात केवळ आवाज ऐकू येतात, आणि शेजारची तुकडी अजून जागेवर आहे की नाही, हा प्रश्न त्याचे मन पोखरतो. एक तुकडी जरी मागे सरली तरी सारी फळी ढासळते. त्या प्रश्नाला अधिकाऱ्याचे दर्शन हेच उत्तर असते. ब्रार जिवाची पर्वा न करता गोळीबारातून एका मोर्चाकडून दुसऱ्या मोर्चाकडे जात राहिले. हल्ल्यामागून हल्ले झाले. फळी अभंग राहिली.

पहाटेपर्यंत शत्रूचे दोनशेहून अधिक सैनिक कामी आले होते. महमूद स्वतः काही सैनिकांनिशी निसटले. शहरात उरलेल्यांनी ११ तारखेस शस्त्रे खाली ठेवली. त्याच दिवशी टांगाईलजवळ दुसरी पॅराशूट पलटण विमानांतून उतरली, आणि पुढे पुंगली पुलापाशी मराठा जवान तिला जाऊन मिळाले. ही छत्रीधारी पलटण म्हणजे पूर्वीची तिसरी मराठा! एकाच रेजिमेंटच्या कुशीतील दोन भावंडांची ती परमुलखातील भेट होती. १६ डिसेंबरला ढाका पडले.

ब्रार यांना वीरचक्र व क्लेर यांना महावीरचक्र मिळाले. रणांगणावरील शौर्य म्हटले की उपसलेली तलवार डोळ्यांपुढे येते. जामालपूरच्या रात्रीने मात्र दाखविले की, आपण येथे आहोत एवढे जवानांना दिसू देण्यासाठी गोळ्यांच्या वर्षावात चालत राहणे, हेही शौर्यच. किंबहुना अधिकाऱ्याचे खरे शौर्य तेच.