मुंबई–लंडन : अंतर एक, वेळ वेगवेगळा

मुंबई आणि लंडन यांच्यामधील हवाई अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर असून हा आकडा बदलत नाही. मात्र ते कापण्यास मुंबईहून जाताना साधारण दहा तास आणि परतताना सुमारे नऊ तास लागतात, आणि या वेळाही ऋतूनुसार व बदलत्या मार्गानुसार कमीअधिक होतात.

हे अंतर पृथ्वीगोलावरील बृहद्वृत्तावरून मोजतात. बृहद्वृत्त म्हणजे पृथ्वीगोलाचे दोन समान भाग करणारे वर्तुळ होय, आणि गोलावरील कोणत्याही दोन ठिकाणांमधील सर्वांत जवळची वाट अशाच वर्तुळाच्या कंसावर असते. सपाट नकाशावर पट्टी ठेवली तर मुंबई–लंडन रेघ अरबी समुद्र आणि इराकवरून जाते. खरी जवळची वाट मात्र उत्तरेकडे झुकून बलुचिस्तान, इराण, कॉकेशस, काळा समुद्र आणि युक्रेन यांवरून जाते.

या वाटेने विमानाला आज जाता येतेच असे नाही. युक्रेनचे आकाश फेब्रुवारी २०२२ मध्ये नागरी विमानांसाठी बंद झाले आणि एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय कंपन्यांच्या विमानांना आपल्या हद्दीत मनाई केली. ही मनाई इतर देशांच्या कंपन्यांना नसल्यामुळे त्याच दोन शहरांमध्ये उडणाऱ्या दोन कंपन्यांचे मार्ग, इंधन आणि वेळ यांत फरक पडला. नकाशावरचे अंतर भूगोल ठरवतो, प्रत्यक्ष कापावे लागणारे अंतर बऱ्याच अंशी राजकारण ठरवते.

जाण्यायेण्याच्या वेळेतील तफावतीचे श्रेय अनेकजण पृथ्वीच्या परिवलनाला देतात, परंतु ते बरोबर नाही, कारण वातावरणही पृथ्वीसोबतच फिरत असते. खरे कारण वारा हे आहे. साधारण ९ ते १२ किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे अतिवेगवान वाऱ्यांचे पट्टे वाहतात, त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात आणि हिवाळ्यात ते अधिक जोरदार असतात. भोवतालच्या हवेच्या तुलनेत ताशी ९०० किलोमीटर वेगाने उडणाऱ्या विमानाला वाटेत सरासरी ताशी ५० किलोमीटरचा वारा समोरून लागला तर जमिनीच्या तुलनेत त्याचा वेग ८५० होतो, पाठीशी असला तर ९५०. एवढ्यानेच ७,२०० किलोमीटरच्या प्रवासात ५० मिनिटांहून अधिक फरक पडतो. एअर इंडियाने २०१६ मध्ये दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिक महासागरावरून नेले, तेव्हा वाट सुमारे १,४०० किलोमीटरने लांबूनही पाठीवरच्या वाऱ्यामुळे जवळपास दोन तास वाचले.

तिकिटावरील कालावधी हा निव्वळ उड्डाणाचा नसतो. विमान जागेवरून हलल्यापासून मुक्कामी उभे राहीपर्यंतच्या या काळाला ब्लॉक टाइम म्हणतात. धावपट्टीपर्यंतची रांग आणि हीथ्रोसारख्या गजबजलेल्या विमानतळावर उतरण्यापूर्वी आकाशात घालाव्या लागणाऱ्या घिरट्या त्यात कंपन्या आधीच धरतात.

८ जून १९४८ च्या रात्री मुंबईहून निघालेले एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान कैरो आणि जिनिव्हा येथे थांबत १० जूनला लंडनला पोहोचले होते. त्या तुलनेत आजचा थेट प्रवास निःसंशय मोठी झेप आहे.

तिकिटावरील सुटण्याची आणि पोहोचण्याची वेळ त्या त्या ठिकाणच्या घड्याळाप्रमाणे असते, हे प्रवाशांनी ध्यानात ठेवावे. भारत लंडनच्या हिवाळ्यात साडेपाच तास, तर मार्चअखेरीपासून ऑक्टोबरअखेरीपर्यंत साडेचार तास पुढे असतो. म्हणून जानेवारीत दुपारी दोनला निघून दहा तास उडालेले विमान तेथे संध्याकाळी साडेसहाला पोहोचते आणि जुलैत साडेसातला.