पेढीचा खोळंबा आणि घरचे बाळंतपण

ताजमहालाची कीर्ती जगभर पसरली आहे, परंतु त्याच्या कथेचा आरंभ आपल्या बऱ्हाणपुरातील एका बाळंतपणात आहे, याचे स्मरण आपणांस क्वचितच होते. दख्खनच्या मोहिमेवर आलेल्या शहाजहानबरोबर बेगम मुमताजमहल येथे मुक्कामास होती. जून १६३१ मध्ये आपल्या चौदाव्या बाळंतपणात ती येथेच मृत्यू पावली. नवजात कन्या गौहरआरा वाचली. बेगमेचा देह प्रथम तापीपलीकडे जैनाबादच्या बागेत ठेवण्यात आला व त्याच वर्षाच्या अखेरीस आग्र्यास नेण्यात आला. ज्या घरात हकीम, दाया व दासी यांची वाण नव्हती, तेथेही हा प्रसंग असा कठीण ठरला. मग सामान्य संसारात त्याची किती काळजी वाहिली पाहिजे, हे वेगळे सांगावयास नको.

तरीही हा विषय निघाला म्हणजे आपल्या पेढ्यांवर प्रथम ऐकू येते ती कुरकुर. "ऐन हिशेबाच्या दिवसांत बाई रजेवर गेली", "सहा महिने पगार द्यावयाचा आणि काम दुसऱ्याकडून करवून घ्यावयाचे", "यापेक्षा बायकांना कामावर न ठेवणेच बरे". ही वाक्ये परक्यांची नव्हेत. मार्चअखेर तोंडावर आली असता आमच्या पेढीवरील हिशेब लिहिणाऱ्या भगिनी बाळंतपणाच्या रजेवर गेल्या, तेव्हा प्रस्तुत लेखकानेही ती उच्चारली आहेत. त्याच वर्षी घरी सूनबाईंचे बाळंतपण होते. तेथे मात्र, "तिने सहा महिने कशालाही हात लावता कामा नये", असे आम्हीच सर्वांना बजावीत होतो. एकाच मनुष्याच्या तोंडी, एकाच महिन्यात, हे दोन न्याय कसे आले, या प्रश्नाने पुढे स्वस्थ बसू दिले नाही. त्याचे उत्तर शोधताना जे कळले, ते व्यवसायबंधूंपुढे ठेवीत आहे.

बाळंतपणाच्या रजेचा कायदा ही आजकालची टूम नव्हे. मुंबई इलाख्यात तो १९२९ मध्ये झाला. तत्पूर्वी १९२८ मध्ये त्या विधेयकास पाठिंबा देताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईच्या कायदे मंडळात असे प्रतिपादन केले होते की, प्रसूतीच्या आगेमागे मातेस विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्याच हिताचे आहे. पाठोपाठ १९३० मध्ये मध्य प्रांताने असाच कायदा केला. आपला निमाड जिल्हा तेव्हा मध्य प्रांतातच मोडत असे. म्हणजे गिरण्यांच्या या गावास हा विषय नव्वदांहून अधिक वर्षे परिचित आहे. पुढे १९६१ मध्ये संपूर्ण देशासाठी एक कायदा झाला. १९८८ च्या दुरुस्तीने दहा वा अधिक माणसे कामास असलेली दुकाने व पेढ्या त्याच्या कक्षेत आल्या. २०१७ मध्ये रजेची मुदत बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवडे करण्यात आली. या तरतुदी आता सामाजिक सुरक्षा संहितेत समाविष्ट झाल्या असून ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे.

त्यांतील मुख्य गोष्टी प्रत्येक मालकाने ध्यानात ठेवाव्यात. प्रसूतीपूर्वीच्या बारा महिन्यांत ज्या स्त्रीने किमान ८० दिवस काम केले आहे, तिला पहिल्या दोन अपत्यांच्या वेळी २६ आठवड्यांची सवेतन रजा मिळते. त्यांपैकी आठ आठवड्यांपर्यंतचा काळ तिला प्रसूतीपूर्वी घेता येतो. दोन अपत्ये हयात असल्यास ही मुदत १२ आठवडे असते. प्रसूतीनंतरचे सहा आठवडे तिला कामावर ठेवणे हाच गुन्हा होय. तिने स्वतः होकार दिला तरी तो ग्राह्य नाही. रजेच्या काळात तिला कामावरून काढता येत नाही. ती परत आल्यावर मूल पंधरा महिन्यांचे होईपर्यंत त्याला पाजण्यासाठी दिवसातून दोनदा जादा सुटी द्यावी लागते. पन्नास वा अधिक माणसे असल्यास पाळणाघराची सोय करावी लागते.

खर्चाचा प्रश्न खोटा नाही. पण जेथे कर्मचारी राज्य विमा योजना लागू आहे, तेथे पात्र विमाधारक स्त्रीचे हे वेतन मालकाच्या तिजोरीतून जात नाही. ते विमा महामंडळ देते. मालकाने २०१९ पासून वेतनाच्या ३.२५ टक्के वर्गणी भरावयाची असते. ती ज्यांनी नियमित भरली आहे, त्यांची निम्मी तक्रार येथेच संपते.

उरते ती कामाच्या खोळंब्याची तक्रार. कापसाचा भाव एका रात्रीत कोसळू शकतो, केळीच्या बागा एका वादळात आडव्या होऊ शकतात. परंतु बाळंतपण मात्र चार-पाच महिने आधी सूचना देऊन येते. इतक्या अवकाशात जो व्यापारी मालाची तजवीज करतो, त्याला माणसाची तजवीज करता येऊ नये, हे आश्चर्य होय. वस्तुतः आमची अडचण रजेमुळे झालीच नव्हती. साऱ्या उधारीची नोंद त्या भगिनींच्या एकट्याच्या स्मरणात होती. दुसऱ्या कोणास ती शिकविण्याची दक्षता आम्ही घेतली नव्हती. उद्या त्या तापाने आजारी पडत्या तरी तोच गोंधळ झाला असता. तेव्हापासून आमच्याकडे प्रत्येक काम दोघांना ठाऊक असते, आणि रजेपूर्वीचा एक महिना सोपवणुकीसाठी राखून ठेवलेला असतो.

आता घराकडे वळू. आपल्या घराण्यांतून बाळंतिणीची काळजी घेण्याची परंपरा मोठी आहे. सातव्या महिन्यात माहेरी नेणे, सव्वा महिन्याची विश्रांती, डिंकाचे व मेथीचे लाडू, अळीव, शेपा, ओवा हा सर्व क्रम घरोघरी आहे. ओले आले वर्ज्य असले तरी सुंठ चालते, म्हणून तिचा मान विशेष. पूर्वजांनी केलेली ही एक प्रकारची रजाच होती. मात्र येथेही कुरकुर आहे, आणि ती बहुधा बाळंतिणीच्या मनात राहते. बाळाला पाहावयास येणाऱ्यांची रीघ, प्रत्येकाचा निराळा उपदेश, सासर-माहेरचा मानापमान, नावावरून होणारी ओढाताण यांत तिला झोप मिळते की नाही, हे विचारावयास कोणी नसते.

श्वेतांबर परंपरेच्या कल्पसूत्रातील कथा आपण पर्युषणात ऐकतो. मातेस क्लेश होऊ नयेत म्हणून गर्भस्थ वर्धमानांनी हालचाल थांबविली; त्यामुळेच त्रिशलामाता शोकाकुल झाली. मग त्यांनी किंचित हालचाल केली, तेव्हा तिचा जीव शांत झाला. सद्हेतू असूनही मातेच्या मनाला काय वाटेल ते जाणले नाही, तर सुखासाठी केलेली गोष्ट दुःखाचे कारण होते. आप्तेष्टांच्या मायेलाही हेच लागू आहे. पहिले काही दिवस भेटी मर्यादित ठेवाव्यात. उपदेश एकीनेच करावा. ताप, अतिरक्तस्राव अथवा दीर्घकाळ उदासीनता दिसल्यास घरगुती उपायांवर विसंबून न राहता डॉक्टरांना त्वरित दाखवावे.

आणि बाळाचा पिता? तो तिसऱ्या दिवशी गादीवर हजर असला की आपण त्याचे कौतुक करतो. केंद्र सरकारी नोकरास दोन अपत्यांपर्यंत पंधरा दिवसांची पितृत्व रजा मिळते. खासगी पेढीवर तशी सक्ती नाही. परंतु आपल्या मुलाला रजा नाकारणारा मालक कोण? बहुधा आपणच. पंधरा दिवस गादी आजोबांनी सांभाळली, तर पेढी बुडत नाही. रात्री रडणारे मूल उचलून घेणारा पिता मात्र त्या घरास कायमचा लाभतो.

शेवटी एक गोष्ट. आपल्यापैकी अनेकांच्या पेढीवर दहापेक्षा कमी माणसे असल्याने दुकानांसाठीचा हा कायदा त्यांना लागूच होत नाही. तेथे काय करावे? त्याचे उत्तर आपल्या धर्माने कायद्याच्या कितीतरी आधी दिले आहे. श्रावकाच्या अहिंसाणुव्रताचे जे अतिचार सांगितले आहेत, त्यांत अतिभारारोपण, म्हणजे शक्तीबाहेर भार लादणे, आणि अन्नपाननिरोध, म्हणजे आश्रिताचे अन्नपाणी अडविणे, हे दोन आहेत. बैलाच्या पाठीवर जादा गोणी टाकताना ज्याचा हात अडतो, त्याने बाळंतिणीस सव्वा महिना पुरा होण्याआधी कामावर बोलवावे, अथवा तिचा पगार तोडावा, हे कोणत्या न्यायाने? सव्वीस आठवडे न झेपले तर बारा द्यावेत. पूर्ण पगार न झेपला तर निम्मा द्यावा. पण तिची जागा तिच्यासाठी राखून ठेवावी.

त्या भगिनी सहा महिन्यांनी परत आल्या. जुन्या उधारीतील तीन चुका त्यांनी पहिल्याच आठवड्यात काढून दाखविल्या. त्या चुका त्यांच्या अनुपस्थितीत आम्हीच केल्या होत्या.

इति शुभम्.