शरीर स्वतःवरच उलटते तेव्हा

‘इम्युनिटी वाढवायला काय घेऊ गं?’ हा प्रश्न पुण्याहून फोनवर मावशी हमखास विचारते. तिला संधिवात आहे, र्‍हुमॅटॉइड प्रकारचा. म्हणजे तिची प्रतिकारशक्ती कमी पडत नाहीये, ती चुकीच्या ठिकाणी लढते आहे.

फ्रँकफर्टमध्ये पाउल एर्लिख आणि मॉर्गेनरोथ यांनी १९०० च्या सुमारास शेळ्यांना दुसऱ्या शेळ्यांचे रक्त टोचले. परक्या तांबड्या पेशी फोडणारी प्रतिपिंडे तयार झाली, पण ती स्वतःच्या पेशींना हात लावत नव्हती. एर्लिखनी या तिटकाऱ्याला नाव दिले ‘हॉरर ऑटोटॉक्सिकस’. पुढच्यांनी त्याचा अर्थ ‘असे होऊच शकत नाही’ असा लावला. १९०४ मध्येच व्हिएन्नात डोनाथ आणि लांडस्टायनर यांनी रुग्णाच्याच तांबड्या पेशी फोडणारे प्रतिपिंड दाखवले होते, तरी ही कल्पना रुजायला अनेक दशके गेली.

मुळात धोका रचनेतच आहे. कोणता जंतू येणार हे शरीराला आधी माहीत नसते, म्हणून टी आणि बी पेशी आपले ग्राहक रेणू जनुकांचे तुकडे पत्त्यांसारखे पिसून बनवतात. त्यात स्वतःला ओळखणारेही निघणारच! छातीतल्या थायमस ग्रंथीत टी पेशींची परीक्षा होते आणि बहुतेक जणी नापास होऊन मरतात. काही निसटतात. त्यांना आवरायला नियामक टी पेशी असतात. हा पहाराही ढिला पडला, की आजार. कधी जंतूच फसवतो: घशातल्या स्ट्रेप्टोकॉकसचे प्रथिन हृदयातल्या प्रथिनासारखे दिसते, आणि घसा दुखून गेलेल्या मुलाच्या झडपा पुढे खराब होतात. हा संधिज्वर भारतात अजून आहे.

आता एर्लांगेन. तिथे गेओर्ग शेट यांच्या गटाने २०२१ मध्ये ल्युपस झालेल्या २० वर्षांच्या मुलीच्या टी पेशी काढून, त्यांना बी पेशी मारायला शिकवून परत दिल्या. २०२४ पर्यंत १५ रुग्णांचा अहवाल आला: ल्युपस, स्नायूंचा दाह आणि त्वचा कडक होणारा आजार. ल्युपसच्या आठही जणांचा आजार शमला, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे थांबली. काही महिन्यांनी बी पेशी परतल्या, पण त्या कोऱ्या होत्या.

‘बरे झाले’ हा शब्द मी अजून वापरणार नाही. रुग्ण थोडे, आधी केमोथेरपी लागते, आणि प्रत्येकासाठी पेशी वेगळ्या बनवाव्या लागतात. मावशीला तूर्त इतकेच सांगितले, की काढे राहू देत, डॉक्टरांनी दिलेली मेथोट्रेक्सेट मात्र चुकवू नकोस.