प्रकृती आणि जनुकाभिव्यक्ती

शरीरातील बहुतेक पेशींत जनुके तीच असतात. कोणते जनुक किती कार्यरत आहे, हे त्यापासून बनणाऱ्या संदेशवाहक आरएनएच्या प्रमाणावरून कळते. वात, पित्त व कफ प्रकृतींच्या निरोगी व्यक्तींच्या रक्तात हे प्रमाण काही जनुकांबाबत भिन्न असल्याचे दिल्लीच्या आयजीआयबी संस्थेतील संशोधकांनी २००८ साली प्रसिद्ध केले. स्नातकोत्तर विद्यार्थ्याने हा विषय घेतल्यास आमचा आग्रह एकच : प्रकृतिपरीक्षण काटेकोर हवे. अभिव्यक्ती आहार, काल व व्याधी यांनुसार पालटते. या नोंदी नसतील तर महागड्या यंत्रातून निघालेला आकडा निरर्थक होय. औषधनिर्मात्यांनीही पेशीसंवर्धनातील निष्कर्ष (काचपात्रातील पेशीला जाठराग्नी कुठला?) वेष्टनावर रोगनाशक गुण म्हणून छापू नयेत. त्यासाठी रुग्णांवरील परीक्षणच हवे.