टोपे म्हणजे नेमके कोण?

'टोप' म्हटलं की काय आठवतं, सांगा बरं! मुंबईकर असाल, तर भाताचं पातेलं. नाटकवेडे असाल, तर मेकअप रूममधला केसांचा टोप. गडकिल्ल्यांवर भटकणारे असाल, तर थेट महाराजांचा जिरेटोप. कोल्हापूरकडे येणं-जाणं असेल, तर हायवेवरचं टोप गाव. आणि माझी ओळख असेल, तर माझं आडनाव. मी टोपे!

आडनाव तसं रेअर. शाळेत 'टोप्या' ऐकून झालं. हल्ली परदेशातला क्लायंट स्पेलिंग वाचून 'होप'च्या चालीवर 'टोप' म्हणतो. हे सगळं चालतं हो. पण आपल्याकडच्या माणसाला पुढचा प्रश्न पडतोच, ''टोपे म्हणजे कोण?''

आता याचं उत्तर काय द्यायचं? सगळ्यात फेमस अर्थातच १८५७चे तात्या टोपे. गंमत म्हणजे ते मुळात टोपे नव्हतेच! रामचंद्र पांडुरंग येवलेकर हे त्यांचं नाव. येवल्याचं देशस्थ ब्राह्मण घराणं. वडील दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी होते, त्यामुळे कुटुंब कानपूरजवळच्या बिठूरला गेलं. कुणी म्हणतं, बाजीरावाने दिलेल्या मानाच्या टोपीवरून 'टोपे' झाले. कुणी म्हणतं, 'तोप' म्हणजे तोफेवरून. १८ एप्रिल १८५९ला त्यांना शिवपुरीत फाशी दिलं गेलं. भोपाळमधलं टी. टी. नगर म्हणजे तात्या टोपे नगर, हे तिथून येणाऱ्या-जाणाऱ्यांनाही पटकन लक्षात येत नाही.

लॉ केलेल्यांना विचारा, ते राज्यघटनेवर जाडजूड पुस्तक लिहिणारे, मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू त्र्यं. कृ. टोपे सांगतील. आणि कोविडच्या काळात रोज टीव्हीवर दिसणारे तेव्हाचे आरोग्यमंत्री राजेश टोपे तर सगळ्यांनाच आठवतील. ते जालन्याचे, मराठा. म्हणजे आडनाव एक. गावं वेगळी, जाती वेगळ्या.

आणि खरी गोची इथेच आहे. मध्यंतरी भाड्याने फ्लॅट शोधत होतो. पॅकेज, कंपनी, डिपॉझिट, सगळं ओके. मालकांनी फोनवर हळूच विचारलं, ''टोपे म्हणजे आपल्यातलेच ना?'' मी म्हटलं, ''काका, आपल्यातले म्हणजे?'' दुसऱ्या दिवशी एजंटचा फोन आला, फ्लॅट 'अचानक' दुसऱ्याला गेला होता.

आपण करिअरपासून लिव्ह-इनपर्यंत सगळ्यावर बिनधास्त बोलतो. पण नवीन माणूस भेटला, की डोक्यात आडनावाचं स्कॅनिंग सुरू! आडनाव कळलं की जात कळली, जात कळली की माणूस कळला, असा आपला सोपा हिशोब. माझं आडनाव त्या स्कॅनरला चक्क एरर देतं आणि म्हणूनच ते मला जाम आवडतं.

तेव्हा यापुढे कुणी ''टोपे म्हणजे कोण?'' विचारलं, तर माझं उत्तर रेडी आहे : एक सेनापती, एक कुलगुरू, एक मंत्री आणि एक सॉफ्टवेअरवाला. यातला शेवटचा भाडं दर महिन्याच्या एक तारखेला देतो.