रोग्याची खाट आणि परदेशची पदवी

जोगेश्वरीसारख्या उपनगरांतील मध्यम स्थितीच्या घरांतून हल्लीं एक विचार वारंवार ऐकूं येतो. मुलीला वैद्यक शिकावयाचें आहे. सरकारी महाविद्यालयासाठीं गुण थोडक्यांत कमी पडले. खासगी महाविद्यालयाची फी आवांक्याबाहेरची आहे. तेव्हां तिला रशिया, जॉर्जिया, कझाकस्तान किंवा फिलिपाइन्स येथें पाठवावें काय? मग आजोबांच्या ठेवी, काकांचें साह्य आणि प्रसंगीं घरांतील सोनें यांचा हिशेब मांडला जातो. विमानाचें भाडें, वसतिगृह, शाकाहारी जेवण, थंडीचे कपडे या सर्वांची बारकाईनें चौकशी होते. परंतु तेथें तिला रोग्याच्या खाटेपाशीं उभें राहूं देतील काय, आणि रोग्याशीं ती कोणत्या भाषेंत बोलेल, हें मात्र सहसा कोणी विचारीत नाहीं. वास्तविक सगळ्या हिशेबाच्या आरंभीं हाच प्रश्न हवा.

वैद्यकाचें शिक्षण दोन प्रकारचें आहे. शरीराची रचना, इंद्रियांचे व्यापार, औषधींचे गुणधर्म हें ग्रंथांतून आणि प्रयोगशाळेंत शिकतां येतें. परंतु नाडी पाहणें, पोट चाचपणें, छातीला नळी लावून श्वास ऐकणें आणि रोग्याला नेमकें काय विचारावें हें ओळखणें, या गोष्टी खाटेपाशींच शिकाव्या लागतात. म्हणूनच जगांत सर्वत्र वैद्यकाचीं महाविद्यालयें मोठ्या सार्वजनिक रुग्णालयांना जोडलेलीं असतात. तेथें गरीब-श्रीमंत, तान्हें-म्हातारें, सर्व तऱ्हेचा रोगी येतो, आणि एकच रोग दहा रोग्यांत दहा रूपांनीं कसा दिसतो हें विद्यार्थ्याला पाहावयास मिळतें.

ही खाट मिळविण्यासाठीं स्त्रियांना एके काळीं किती झगडावें लागलें! डॉ. आनंदीबाई जोशी १८८३ सालीं अमेरिकेस गेल्या आणि १८८६ सालीं फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयांतून पदवीधर झाल्या. त्याच महाविद्यालयाच्या विद्यार्थिनी १८६९ सालीं पेनसिल्व्हेनिया हॉस्पिटलांत रोगी पाहण्यास गेल्या, तेव्हां पुरुष विद्यार्थ्यांनीं हुर्यो करून त्यांची विटंबना केली होती. ग्रंथ वाचण्यास त्यांना कोणी अडवीत नव्हतें. अडवणूक होती ती खाटेपाशीं.

डॉ. रखमाबाईंची हकीकत अधिकच बोधप्रद आहे. बालविवाहाच्या त्या गाजलेल्या खटल्याचा १८८८ सालीं शेवट झाल्यावर पुढच्याच वर्षीं त्या इंग्लंडास गेल्या आणि लंडन येथील स्त्रियांच्या वैद्यकीय शाळेंत दाखल झाल्या. ही शाळा १८७४ सालीं निघाली खरी, परंतु आरंभीं लंडनमधील एकहि मोठें रुग्णालय तिच्या विद्यार्थिनींना दारांत उभें करीना. अखेर १८७७ सालीं 'रॉयल फ्री' रुग्णालयानें त्यांना आपलें दार उघडलें. या रुग्णालयाचा जन्महि मोठा अर्थपूर्ण आहे. त्या काळीं वर्गणीदाराचें शिफारसपत्र असल्याखेरीज धर्मार्थ रुग्णालयांत प्रवेश मिळत नसे. एक निराधार तरुणी अशा पत्रावांचून मरणोन्मुख पडलेली पाहून विल्यम मार्स्डेन नांवाच्या शस्त्रवैद्यानें १८२८ सालीं ही संस्था काढली, आणि दारिद्र्य व व्याधि हींच तेथील शिफारसपत्रें ठरविलीं. अशा ठिकाणीं रखमाबाई रोगी पाहावयास शिकल्या, १८९४ सालीं परीक्षा उत्तीर्ण झाल्या, आणि स्वदेशीं परतल्यावर सुरतेच्या स्त्रियांच्या रुग्णालयांत त्यांनीं दीर्घकाल सेवा केली.

आज परिस्थिति उलट झाली आहे. पदवी देण्यास अनेक देश सिद्ध आहेत. खाट मात्र पुन्हां दूर गेली आहे. त्याचें कारण भाषा. वर्गांत व्याख्यान इंग्रजींत होतें, परंतु तेथील रोगी रशियन, जॉर्जियन किंवा कझाक भाषेंत कण्हत असतो. आपल्या घरच्या आजीबाईंचेंच उदाहरण घ्या. त्यांना नुसत्या "वेदना" कधींच होत नाहींत. त्यांना कळ येते, चमक निघते, ठणका लागतो, पोटांत मुरडा येतो, छातींत जळजळतें किंवा दडपल्यासारखें होतें. जळजळ ही पित्ताची असूं शकेल. दडपण हें हृदयविकाराचें चिन्ह असूं शकेल. हा भेद ज्याच्या कानाला कळत नाहीं, त्याला ग्रंथांतील ज्ञान त्या क्षणीं फारसें उपयोगी पडत नाहीं.

सरकारी नियमांनींहि हीच गोष्ट आतां ओळखली आहे. १८ नोव्हेंबर २०२१ रोजीं राष्ट्रीय वैद्यक आयोगानें काढलेल्या नियमांप्रमाणें परदेशांतील अभ्यासक्रम निदान ५४ महिन्यांचा व इंग्रजी माध्यमाचा असला पाहिजे; त्याच संस्थेंत १२ महिने प्रत्यक्ष रुग्णसेवेची उमेदवारी झाली पाहिजे; आणि परतल्यावर परवान्याची परीक्षा उत्तीर्ण होऊन भारतांत आणखी १२ महिने उमेदवारी केली पाहिजे. या परीक्षेंत आजवर बहुतेक वेळां अनुत्तीर्णांचीच संख्या मोठी राहिली आहे, हें पालकांनीं विसरूं नये. २०२० सालीं महामारीमुळें चीनचीं दारें बंद झालीं, आणि २४ फेब्रुवारी २०२२ रोजीं युक्रेनमध्यें युद्ध भडकलें. त्या वेळीं सहस्रावधि विद्यार्थी घरीं बसून संगणकाच्या पडद्यावर शिकत होते. व्याख्यान पडद्यावर येऊं शकलें. रोगी येऊं शकला नाहीं.

येथेंच शिकून कांहीं आठवड्यांपुरतें परदेशचें रुग्णालय पाहावें, असा दुसराहि मार्ग आहे. ब्रिटनमध्यें ५ जुलै १९४८ पासून राष्ट्रीय आरोग्य सेवा चालू आहे. तेथें रोगी प्रथम आपल्या नेहमींच्या डॉक्टरकडे जातो, त्याच्या पत्रानें तज्ज्ञाकडे जातो, आणि विद्यार्थ्यानें तपासण्यापूर्वीं रोग्याची संमति विचारली जाते. "मी आपणांस तपासूं का?" एवढें वाक्य शिकून आला, तरी त्या विद्यार्थ्याचा प्रवासखर्च वसूल झाला असें आम्ही म्हणूं. अमेरिकेंत मात्र पदवीपूर्वीं जाणारास देखरेखीखालीं रोगी हाताळतां येतो. पदवीनंतर गेल्यास बहुतेक ठिकाणीं नुसतें पाहत उभें राहावें लागतें. म्हणून जाण्याची वेळहि विचारपूर्वक ठरवावी.

तेव्हां वडीलधाऱ्यांनीं पैसे भरण्यापूर्वीं चार गोष्टी लेखी विचारून घ्याव्या. महाविद्यालयास जोडलेलें रुग्णालय कोणतें व त्यांत खाटा किती? विद्यार्थी कोणत्या वर्षापासून रोगी तपासतात? तेथील लोकभाषा शिकविण्याची सोय आहे काय? तेथील पदवीधरास त्याच देशांत वैद्यकी करण्याचा परवाना मिळतो काय? मध्यस्थ यांचीं उत्तरें देण्याचें टाळूं लागला, तर सोनें पेटींतच राहूं द्यावें.

जोगेश्वरी पूर्वेस द्रुतगति महामार्गाशेजारीं २०१३ सालापासून बाळासाहेब ठाकरे यांच्या नांवाचें महापालिकेचें अपघात-रुग्णालय चालू आहे. आपली मुलगी परतल्यावर अशाच एखाद्या सार्वजनिक रुग्णालयांत उभी राहील. समोरचा रोगी मराठी बोलेल, गुजराती बोलेल किंवा पूर्वेकडची हिंदी बोलेल. परक्या मुलुखांत एखाद्या म्हातारीजवळ बसून तिच्याच बोलींत "कोठें दुखतें?" असें जिनें विचारलें असेल, तिला येथेंहि तो प्रश्न विचारणें जड जाणार नाहीं. आणि तो जिला विचारतां येतो, तिच्यासाठीं घरानें सोसलेला खर्च व्यर्थ गेला, असें कोणास म्हणतां येईल?